कोरं कार्ड

९ जानेवारी

प्रिय चाटूबाई,

अकरा वर्षांनी दादाचं पत्र, म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं वाटून घाबरू नकोस. सगळे आहेत. तुझी वहिनी आहे, तिचे गुडघे आहेत, तिची मांजर आहे. पत्ता तुझ्या नवऱ्याने दिला. 'मी दिला असं सांगू नका' म्हणाले मेहुणेबुवा, तेव्हा हे आपलं तुझ्यामाझ्यात ठेव.

तू म्हणशील, कामाशिवाय हा लिहायचा नाही. काम काही नाही. मे अखेरीला निवृत्त होतोय, म्हणून कळवतोय. तेहतीस वर्षं शहराचं पाणी चाखलं. लोकांना अजून ही नोकरी खरी वाटत नाही. परवा न्हाव्याने विचारलं, काय करता? म्हटलं, पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये पाणी चाखतो. तो म्हणाला, 'मग तसे आम्हीही चाखतोच की!'

तू सोडून गेलीस ती चाखायची खोली तशीच आहे. पांढऱ्या भिंती, पाच खुर्च्या, मध्ये लाकडी आडोसे, कपांवर फक्त नंबर. आत यायच्या आधी तासभर चहा नाही, कांदा नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. हल्ली पॅनेलवर मी, स्टोअरकीपर, टेलिफोनवाली आणि दोन मीटरवाले. कार्डं नवीन छापली, पण शब्द तेच: मातकट, शेवाळी, गंजका, औषधी, कुबट. प्रत्येकापुढे शून्य ते चार. 'बुळबुळीत' तेवढा काढला, नव्या केमिस्टबाईंना तो ऐकवत नाही. टेकडीच्या टाकीचं पाणी चाखायला अजूनही गुरुवारीच येतं.

बाकी ठीक. मध्यंतरी ताप आला होता, उतरला. तुमच्याकडे पाणी कसं येतं?

तुझा,
दादा


२१ जानेवारी

प्रिय चाटूबाई,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती, पण टपालवाला फाटकापाशी थांबला की मी चष्मा शोधतो, एवढं खरं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तापाचं मी उडतउडत लिहिलं. नोव्हेंबरात आठ दिवस होता, आणि उतरताना जिभेची चव घेऊन गेला. चिमूटभर मीठ आणि चिमूटभर साखर, दोन्ही वाळू. मी कुणाला सांगितलं नाही. तेहतीस वर्षं जिभेच्या जोरावर नाकाने कांदे सोलले, आता जीभच गेली हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तुझ्या वहिनीलाही नाही. एकदा तिने भाजीत दोनदा मीठ घातलं, आणि मी 'झकास' म्हणून पुन्हा वाढून घेतली. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

नोकरीवर जात होतो. कप तोंडाला लावायचा, चूळ फिरवायची, थुंकायचं, कार्ड भरायचं. आता गंमत ऐक. महिनाअखेरीला केमिस्टबाई पाचही जणांची कार्डं ताडून बघतात. माझी दहातली नऊ जुळली! त्या म्हणाल्या, 'सर, तुमची जीभ म्हणजे यंत्र आहे.' आणि यंत्राला तर मिठाचा पत्ता नव्हता.

कसं जुळलं, ते तुला सांगायला नको. गुरुवार, म्हणजे टेकडी, म्हणजे गंजका एक. पाऊस पडून गेला असेल तर मातकट दोन. टाक्या धुतल्याचं कानावर आलं असेल तर औषधी. मी पाणी चाखत नव्हतो गं, वार चाखत होतो. त्या दिवशी बाईंसमोर हसलो, आणि बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं बेसिनला धरून उभा राहिलो.

हे तापानंतरच सुरू झालं, असं म्हणता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

दादा


४ फेब्रुवारी

प्रिय चाटूबाई,

चव आली!

पण आली कशी ते सांगायला तुझ्याशिवाय माणूस नाही. तुझ्या वहिनीला सांगितलं तर तिने थेट डॉक्टर गाठला. म्हणून तुझं उत्तर नसतानाही लिहितोय. वाचून फाडून टाक.

रविवारी सकाळी साडेसातची गोष्ट. स्वयंपाकघरात नळाखाली ग्लास धरला आणि प्यायलो. दातांच्या मुळाशी गार. जिभेच्या कडांना काहीतरी बारीक, टोचरं नाही, पण जागं. गिळताना मागे एक रुंद, मऊ काहीतरी, ते गिळून झाल्यावरही तिथेच. मी सवयीने शब्दाची वाट पाहिली. जिना चढताना पुढच्या पायरीसाठी पाय उचलावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. शब्द आला नाही. आणि तो आला नाही म्हणून कुणाचं काही अडलंही नाही.

मग काय झालं ते नीट लिहितो. ओट्यावर ऊन पडलं होतं. नळ टपटपत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. हे सगळं त्या गारव्याच्या शेजारीच होतं, एकाच जागी. आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं, अशी मध्ये भिंत नव्हती. टपटप होती, पण ती ऐकत बसलेला कुणी नव्हता. गार होतं, पण ते कुणाला लागत होतं असं नाही. मी कुठे गेलो होतो म्हणशील, तर बहुतेक कुठेच नाही. माझी गरज नव्हती म्हणून मला कुणी बोलावलं नव्हतं, इतकंच.

'अहो! अहो, नळ बंद करा की! ऐकू येतंय का?' असं दोनदा झालं. तोही आधी नुसता आवाजच होता, वर चढत जाणारा आणि शेवटी कातावलेला. मग हात दिसला, हातात ग्लास दिसला, मग 'अहो' म्हणजे आपण हे आठवलं. मी सगळ्यांच्या शेवटी पोचलो, उशिरा आलेल्या कारकुनासारखा. आणि आल्या आल्या हजेरीवर सही ठोकली की सकाळपासूनचं सगळं काम मीच केलं.

डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळ्यांत उजेड मारला, एका पायावर उभं केलं. म्हणाले, 'काहीही झालेलं नाही.' मी म्हटलं, चव कळते पण तिचं नाव येत नाही. ते म्हणाले, 'येईल हळूहळू, काळजी करू नका.' मला मनातून वाटलं, सावकाश येऊ दे, घाई कुणाला आहे? बुवा-महाराजांच्या नादी लागलोय असं समजू नकोस, या वयात मांडी घालून बसणं मला जमायचं नाही. पण इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. चार दिवस मी येता-जाता पाणीच पितोय, आणि तुझी वहिनी माझ्या बाथरूमच्या फेऱ्या मोजतेय.

आणि तू आठवलीस. चार वर्षांची, फाटकाची लोखंडी कडी चाटणारी. चमचे, खिडकीचे गज, पाटी, तुला काही वर्ज्य नव्हतं. आई पाठीत धपाटा घालायची, आणि तुझं नाव चाटूबाई पडलं. मी नऊ वर्षांचा दीडशहाणा. मी विचारायचो, 'कसं लागतं?' तू म्हणायचीस, 'असं.' आणि पुन्हा चाटायचीस. मी म्हणायचो, 'असं म्हणजे कसं? म्हण, गंजकं.' एक दिवस तू म्हणालीस, 'गंजकं,' आणि कडी सोडून माझ्या तोंडाकडे बघायला लागलीस, बरोबर आलं का म्हणून. मी शाबासकी दिली होती.

दादा


१९ फेब्रुवारी

प्रिय चाटूबाई,

आता शब्द येतात, पण चव आल्यावर, मागून. मध्ये थोडी मोकळी जागा असते. तिथे उभं राहायला मला आवडायला लागलंय.

आधी केमिस्टबाईंना खरं सांगून टाकलं. दोन महिने चव नव्हती, वार बघून कार्डं भरली. त्या लालबुंद झाल्या, मग हसल्या, मग पुन्हा लाल झाल्या. मुलीच्या वयाच्या आहेत, पण मला खुर्चीत बसवून शाळेतल्यासारखं झापलं, आणि मी ऐकून घेतलं. शेवटी मीच सुचवलं की वार मोडून टाका. कुठल्या दिवशी कुठलं पाणी येणार हे तुमच्याशिवाय कुणालाही कळता कामा नये. त्यांनी केलं तसं.

परवा मंगळवारी तिसरा कप. पाणी तोंडात घेतलं आणि थांबलो. काहीतरी होतं. खूप मागे, बारीक, जिभेला नाही तर टाळूला धरून. कशासारखंही नव्हतं. मी शब्दांना बोलावलं, पाचही आले, पाचही उभे राहिले आणि परत गेले. पण ते मात्र होतं. माझ्या असण्या-नसण्यापेक्षा पक्कं होतं.

मी कार्ड कोरं दिलं.

बाई म्हणाल्या, 'सर, कार्ड कोरं आहे. शून्य धरू?' म्हटलं, नाही, या पाण्यात काहीतरी आहे. त्या म्हणाल्या, 'काय आहे?' म्हटलं, सांगता येत नाही. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'शब्द नाही तर दोष नाही. हा नियम तुम्हीच लिहिलाय, सर.'

चाटूबाई, मी तुझ्याच जागी उभा होतो. डावीकडून दुसरी खुर्ची, खिडकीच्या बाजूची. अकरा वर्षांपूर्वी तू हेच म्हणालीस. 'दादा, या पाण्यात काहीतरी आहे. शब्द नाही माझ्याकडे, पण आहे.' पॅनेलप्रमुख मी. चार माणसं बघत होती. मी म्हटलं, 'ऑफिसात दादा नाही. कार्ड भरा.' तू कोरंच दिलंस. मी त्यावर शून्य लिहिलं. आठवड्याने तुला पॅनेलवरून काढल्याचं पत्र आलं, तू राजीनामा दिलास, आणि आई गेली तेव्हाच पुन्हा दिसलीस. त्या दिवशी तू सगळ्यांशी बोललीस, टपालवाल्याशीसुद्धा.

तिसरा कप कुठला होता हे बाईंनी संध्याकाळी फोडलं. टेकडीची टाकी.

भिंतीवरची पाटी मी स्वतः स्क्रू काढून उतरवली. टाकी उघडा म्हणून अर्ज केलाय. साहेब म्हणतात, मे महिन्यात जाणाऱ्या माणसाच्या कोऱ्या कार्डावर टाकी रिकामी करायची? म्हटलं, माझ्या नाही, दोघांच्या कार्डावर. दुसरं कार्ड अकरा वर्षं जुनं आहे.

दादा


२ मार्च

प्रिय चाटूबाई,

टाकी उघडली. बाहेर जाणाऱ्या मोठ्या नळाच्या जोडात रबराची एक कडी निघाली. हातात घेतली तर काळा मेणचट लगदा बोटांना लागला. मी ती नाकाशी नेली आणि तिथेच खाली पायरीवर बसलो. तेच होतं.

फाईल काढली. ती कडी बसवली त्याला अकरा वर्षं झाली. तारीख बघितली. तुझ्या कोऱ्या कार्डाच्या आठ दिवस आधीची. बाई म्हणाल्या, नवी होती तेव्हा थोडी चव सोडत असणार, आता कुजून सोडत होती. लॅबच्या यंत्राला सापडलं नाही, कारण यंत्राला जे शोध म्हणून सांगाल तेच ते शोधतं. घाबरू नकोस, कुणाला काही अपाय झालेला नाही. प्रमाण फारच कमी होतं, सगळं तपासून घेतलं. दुसऱ्या जातीची कडी बसवली, टाकी धुतली. गावाने अकरा वर्षं ते पाणी बिनतक्रार प्यायलं. सवय झाली की मग ते 'आपलं पाणी' होतं.

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी जानेवारीपासून चार पत्रं खर्ची घातली.

तुझ्या फाईलमध्ये एक वाक्य आहे. 'चाखणारीची कल्पनाशक्ती अवाजवी, पॅनेलसाठी अयोग्य.' ते जुन्या साहेबांनी लिहिलं असं तू समजतेस, आणि मी नुसता गप्प बसलो म्हणून माझ्यावर रागावली आहेस. सही साहेबांची आहे. वाक्य माझं आहे. मी लिहून दिलं, त्यांनी न वाचता सही केली. ते वारले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं, हेही लिहून टाकतो.

का लिहिलं? बहीण म्हणून झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, हे मी स्वतःला सांगायचो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तुझी जीभ माझ्यापेक्षा चांगली होती, आणि ते खोलीतल्या पाचही जणांना माहीत होतं, मला सगळ्यांत आधी. आणि त्या दिवशी मी तो कप चाखलाही नव्हता. ओठाला लावला. गुरुवार होता. गंजका एक.

तू चाखत होतीस. मी दादा, पॅनेलप्रमुख, बावीस वर्षांचा अनुभवी, असं सगळं तोंडात घेऊन बसलो होतो, पाण्याला जागाच नव्हती.

फाईलमध्ये केमिस्टबाईंच्या सहीने नवी नोंद घातली आहे. 'नमुना सदोष होता. चाखणारी बरोबर होती. आधीचा शेरा पॅनेलप्रमुखाने स्वतः लिहिला होता व तो चूक होता.' शेवटचं वाक्य मी सांगून घालून घेतलं. नक्कल सोबत आहे. तिने तुझी अकरा वर्षं भरून येत नाहीत, ठाऊक आहे.

मला माफ कर. आता तू पत्रं फाडलीस तरी माझं म्हणणं नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय, पण खरं सांगतो, त्याच्याही वर एक सुटका बसली आहे. आज सकाळी दाढी करताना मी चक्क शीळ घातली. तुझी वहिनी म्हणाली, 'काय हो, कुणी बढती दिली की काय?'

दादा


२७ मार्च

प्रिय चाटूबाई,

पार्सल काल पोचलं.

तीन आठवडे टपालवाला हात हलवून पुढे जायचा. काल थांबला. पुठ्ठ्याचा खोका, आत तुझ्या जुन्या निळ्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळलेली बाटली. काचेचं बूच असलेली, आमच्याच लॅबची! साठा तपासला की दरवर्षी एक बाटली कमी भरायची, आणि बिचारा स्टोअरकीपर बोलणी खायचा. चोर सापडला म्हणून त्याला आजच सांगितलं. तो म्हणाला, 'ताईंना सांगा, ठेवा म्हणावं.'

पत्र शोधलं. स्वेटर उलटा करून बघितला, खोका फाडून बघितला. नाही. बाटलीच्या मानेला दोऱ्याने बांधलेला कागद, त्यावर तुझ्या अक्षरात 'नमुना १'. कुठलं पाणी, कुठल्या दिवशीचं, काही नाही. बरोबरच आहे, चाखणाऱ्याला सांगायचं नसतं.

तुझी वहिनी म्हणाली, 'अकरा वर्षांचा राग आहे. आधी मांजरीला द्या.' मांजरीने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. मी सकाळचा चहा सोडला. तासभर गॅलरीत नुसता बसलो. मग कप विसळला, ओतलं आणि घेतलं.

काय लागलं ते लिहीत नाही. लिहिता येणार नाही असं नाही, मधूनमधून शब्द आले, त्यांना बाहेर बसवलं. गार होतं. मग गार नव्हतं. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, ती त्यातच मिसळली. मग गालावर गरम काहीतरी खाली सरकत गेलं. ते काय आहे आणि कुणाच्या गालावर आहे, हे लगेच कळलं नाही. तुझ्या वहिनीने पदराने पुसलं तेव्हा कळलं. आणि पुसता पुसता ती म्हणाली, 'चला, विष नव्हतं म्हणायचं.'

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने आम्ही दोघं येतोय. येऊ नका म्हणायचं असेल तर शनिवारपर्यंत कळव. मेहुणेबुवांना म्हणावं, पत्ता त्यांनी दिला हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुमच्या फाटकाला लोखंडी कडी असेल तर रविवारच्या आत रंगवून घेऊ नकोस.

नमुना एकचं कार्ड सोबत जोडलंय. कोरं आहे. त्यावर कुणी शून्य लिहिणार नाही. खाली 'चाखणाऱ्याचं नाव' अशी ओळ असते, तीही कोरीच ठेवली आहे. तुझी वहिनी खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, 'अहो, निदान नाव तरी घाला. कुणी चाखलं हे तिला कळणार कसं?'

म्हटलं, तिला कळेल.